तेच राग, वेगळे भीमसेन

सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता कशी होते, हे पुणेकरांना सांगावं लागत नाही. शेवटचं गाणं संपतं आणि ध्वनिक्षेपकावरून रामभाऊ कुंदगोळकरांची, म्हणजे खुद्द सवाई गंधर्वांची, भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागते. चपला शोधणारी माणसंही जागच्या जागी थांबतात. कितीतरी वर्षं या ध्वनिमुद्रिकेच्या आधी, रविवारच्या सकाळी, भीमसेन जोशी गात असत. म्हणजे शिष्याचा मंडप भरून उरलेला आवाज अजून कानात असतानाच गुरूचा आवाज यायचा: बारीक, टोकदार, थोडा खरखरीत. दोघंही किराणा घराण्याचे, मधे फक्त एक पिढी. तरी नाद एक नव्हे. दरवर्षी कानावर पडणाऱ्या या अंतराचं आपण कधी फार मनावर घेतलं नाही. ते अंतर कसं पडत गेलं, ते पाहायचं आहे.

पाश्चात्त्य संगीतात कलाकाराने वळण घेतलं, की त्याची तारीख सांगता येते. 25 जुलै 1965 रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. बीटल्सची 1963 सालची पहिली लाँगप्ले आणि 1967 सालची ‘सार्जंट पेपर’ एकामागून एक ऐकली, तर वाद्यांवरूनच फरक कळतो. ख्यालगायकाचं तसं नाही. तंबोरे तेच, तबला-पेटी तीच, राग तोच, चीजही तीच. बदल झाल्याची घोषणा कोणी करत नाही आणि हुर्योही उडत नाही. फार तर मध्यंतरात चहा पिताना कोणीतरी म्हणतं, ‘पूर्वीचं गाणं राहिलं नाही.’ हे वाक्य मी निरनिराळ्या गायकांबद्दल इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते पूर्वीचं गाणं नेमकं कोणत्या साली होतं, असं विचारावंसं वाटतं.

भीमसेनांच्या बाबतीत मात्र मोजणीची एक सोय आहे. त्यांच्यावर नेहमी आक्षेप असे, की ते तेच ते राग गातात. शुद्ध कल्याण, पूरिया धनाश्री, मारुबिहाग, मालकंस, तोडी, ललत, मियाँमल्हार. कलाश्रीसारखा एखादा स्वतः बांधलेला जोडराग सोडला, तर नवलाईचा सोस नाही. आक्षेप खराच होता. पण एकच राग तीस-चाळीस वर्षं गाणारा माणूस अभ्यासकाला वरदान असतो. राग स्थिर असल्यामुळे हलतंय काय, ते ऐकू येतं.

सुरुवात एका तबकडीपासूनच झाली. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लहानग्या भीमसेनने गदगला ऐकली आणि असं गाणं शिकायचं म्हणून 1933 साली, अकराव्या वर्षी, घर सोडलं. ग्वाल्हेर, कलकत्ता, रामपूर, जालंधर अशी भटकंती झाली. ही गोष्ट आपण चिकाटीची कथा म्हणून सांगतो. मला तिच्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं: किराण्याची तालीम मिळण्याआधीच या मुलाच्या कानावर चार प्रांतांतली गाणी पडली होती. 1936 मध्ये कुंदगोळला सवाई गंधर्वांनी शिकवायला घेतलं, तेव्हा तोडी, मुलतानी आणि पूरिया हेच राग दीर्घकाळ घोटून घेतले. राग मोजके ठेवण्याची सवय तिथली.

जानेवारी 1946 मध्ये गुरूंच्या षष्ट्यब्दीनिमित्त ते पुण्यात गायले आणि नाव झालं. हे शहर आधीच किराण्याचं होतं. खाँसाहेबांनी इथे गायनशाळा चालवलेली, त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर इथेच राहणाऱ्या. सूर अलगद लावायचा, एकेका स्वरापाशी थांबत राग उलगडायचा, तानेची घाई करायची नाही, अशी इथल्या कानांची अपेक्षा. त्या काळातला भीमसेनांचा आवाजही बराचसा या अपेक्षेत बसणारा होता. अजून भरायचा होता.

इथे एक अडचण उभी राहते. ज्याला आपण किराण्याचं ‘मूळ’ गाणं म्हणतो, ते आपल्याला माहीत आहे कशावरून? 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा आज ज्या लयीत गातात, त्यात एका आवर्तनालाच जवळपास मिनिट लागतं. म्हणजे तीन आवर्तनांत तबकडी संपली. साहजिकच खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांत लय चढी आहे, आलाप आटोपशीर आहे. बैठकीत ते असेच गात होते, असं मानायला आधार नाही. ‘मूळ’ म्हणून जे आपण उराशी धरतो, त्याला यंत्राने आधीच कात्री लावलेली आहे.

भीमसेनांच्या गाण्याला लाँगप्लेने ती जागा दिली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. साठच्या दशकातल्या या ध्वनिमुद्रिकांत दोन गोष्टी एकदम झालेल्या दिसतात. आलाप अधिक संथ झाला आणि तान अधिक जोरकस. एरवी या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात. केसरबाई केरकर आणि अमीर खाँ यांच्या गाण्याचे संस्कार आपल्यावर असल्याचं त्यांनी लपवलं नाही. केसरबाईंची लांब श्वासाची, गुंतलेली तान जयपूरची. अमीर खाँची अतिविलंबित लय स्वतंत्रच. कागदावर हे मिश्रण विजोड वाटेल. ते विजोड झालं नाही, याचं कारण माझ्या मते असं, की सर्वांत खालचा थर त्यांनी हलवला नाही. किराण्यात स्वर हे मुक्कामाचं ठिकाण असतं. भीमसेनांची तान कितीही उसळली, तरी ज्या स्वरावर आधी दहा मिनिटं आलापाने मुक्काम केला, तिथूनच ती निघते आणि तिथेच परतते. पूरिया धनाश्रीत पंचमाभोवतीचं त्यांचं काम ऐकावं. उधार आणलेली तान त्यांनी स्वतःच्या घराच्या जोत्यावर उभी केली.

ख्यालाच्या शेजारी दुसरी एक धार वाहत होती. 1953 साली पु. ल. देशपांड्यांच्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात माडगूळकरांचं ‘इंद्रायणी काठी’ ते गायले. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेही त्याच वर्षी, 2 ऑक्टोबरला. पुढे राम फाटकांनी आणि श्रीनिवास खळ्यांनी त्यांच्यासाठी अभंगांना चाली दिल्या आणि सत्तरच्या दशकात ‘संतवाणी’ गावोगाव पोचली. कन्नड मुलखात दासवाणी. जाणकारांनी नाकं मुरडली. मला उलट वाटतं, की अभंगांनी त्यांच्या ख्यालालाही काही दिलं. समोर वारी केलेली माणसं बसली असली, की शब्द गिळून चालत नाही. शिवाय मोठ्या मैदानात कुजबुजीएवढा सूर आणि गर्जना यांतलं अंतर नाट्यासारखं वापरावं लागतं. ते अंतर मग मालकंसातही आलं. त्याची किंमतही मोजावी लागली. तार षड्जाकडे जाणारी एखादी झेप कुठे येणार, हे श्रोत्यांना पाठ झालं. टाळ्या आधीच तयार असत, आणि तयार टाळी गायकाला तीच जागा पुन्हा घ्यायला लावते. त्या काळातल्या काही मैफलींच्या ध्वनिफिती ऐकताना तान विचारातून आली की सवयीतून, असा प्रश्न मला पडतो.

याच्या अगदी उलट वाट कुमार गंधर्वांची. त्यांचा पालट आपण आजाराने समजावून देतो. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, सुमारे पाच वर्षं गाणं बंद राहिलं, म्हणून तुकड्यातुकड्यांची गायकी आली. हे अर्धंच खरं आहे. श्वासाची मर्यादा खरी होती, पण आजाराआधीच्या ध्वनिमुद्रिकांतही तो चपळ, अचानक तुटणारा स्वरवाक्यांश आहेच. आजाराने वेगळंच काही दिलं. देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली. त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार असे धुनउगम राग आले, 1965 साली ‘अनूपरागविलास’ आलं, निर्गुणी भजनं आली. कुमारांनी गाण्याचा ऐवजच बदलला आणि म्हणून त्यांचा बदल सर्वांना दिसला, त्यावर वाद झाले. भीमसेनांनी ऐवज तोच ठेवला, त्यामुळे त्यांना बदललेला गायक असं कोणी म्हटलंच नाही.

शेवटच्या काळात आणखी एक पालट झाला. वयाने श्वास आखूड केला, तानांची संख्या घटली आणि आलाप पुन्हा पुढे आला. बाहेरची हवाही बदलत होती. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले आणि रात्रभर चालणारा महोत्सव घड्याळात बसवावा लागला. उत्तररात्रीचे राग मंडपातून जवळजवळ उठून गेले. ज्या वेळेला गाऊन भीमसेनांचे काही राग घडले होते, ती वेळच राहिली नाही.

घरी कोणाकडे साठच्या दशकातली त्यांची एखादी लाँगप्ले आणि उतारवयातल्या मैफलीची ध्वनिफीत असेल, तर एकाच रागाची पहिली पाच मिनिटं लागोपाठ ऐकून पाहावीत. तानेची वाट पाहू नये. उतारवयातल्या गाण्यात षड्ज लावून ते थांबतात, आणि त्या थांबण्यात कुठेतरी अब्दुल करीम खाँसाहेबांचा पातळ, लांबवलेला सूर ऐकू येतो, गदगच्या त्या तबकडीवरचा.