सन्मानाने मरण : कायदा काय सांगतो?

घरातले माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले की आमच्या नाहूर-भांडुपच्या वस्त्यांतून एकच वाक्य ऐकू येते, "सुटला तर बरं होईल." हे कळवळ्याने म्हटले जाते. पण ही सुटका कोणी आणि कशी ठरवायची, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

या प्रश्नाला वाचा फुटली ती परळच्या के.ई.एम. रुग्णालयातून. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. पुढे ४१ वर्षे त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी दयामरण मागितले, तेव्हा के.ई.एम.च्या परिचारिका म्हणाल्या, "आम्ही सांभाळू." ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवा करणाऱ्या हातांचाच शब्द मानला आणि अर्ज फेटाळला. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने कृत्रिम उपचार थांबवता येतील, असा मार्ग त्याच निकालाने खुला केला. १८ मे २०१५ रोजी अरुणाताईंनी न्यूमोनियाने प्राण सोडला.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरणेही येते. तरीही विषारी इंजेक्शन देऊन कोणाचा जीव घेणे हा आजही गुन्हाच आहे. मुभा आहे ती बरे होण्याची आशा नसताना यंत्रांचा आधार नाकारण्याची.

त्यासाठी प्रौढ व्यक्तीला शुद्धीत असताना इच्छापत्र लिहून ठेवता येते. २०२३ पासून त्याची रीत सोपी झाली आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे त्याचे नाव त्यात घालावे. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे तपासून निर्णय देतात.

येथे आम्ही एक गोष्ट बजावू इच्छितो. बिल भरता येत नाही म्हणून पेशंट घरी आणणे हे स्वेच्छामरण नव्हे, ती लाचारी आहे. वेदना कमी करणारी शुश्रूषा हा आजाऱ्याचा पहिला हक्क. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची अशी सेवा करीत आहे. ती आधी मागावी.

म्हणून बंधू-भगिनींनो, आई-वडील धडधाकट असतानाच त्यांना शेजारी बसवून विचारा, "तुमची इच्छा काय?" त्यांच्या मरणाचा निर्णय पैशाने किंवा भावकीने घेऊ नये, तो त्यांचा त्यांनीच घ्यावा.