आपला जनरेटर बोलतोय, ऐका!

मित्रांनो, लाईट गेली की हॉस्टेलच्या मागच्या शेडमधून धडधड सुरू होते, सगळ्या मजल्यांवरून एकच आरडाओरडा होतो, पंखे फिरायला लागतात आणि आपण त्या जनरेटरला विसरून जातो. त्याची आठवण होते ती तो बंद पडल्यावरच. आणि बंद पडायला हा पठ्ठ्या नेमकी व्हायवाची आदली रात्र निवडतो!

पण खरं सांगू का? डिझेल इंजिन न सांगता सहसा बंद पडत नाही. आधी ते गळतं, तापतं किंवा वेगळा आवाज करतं. मी मेकॅनिकलची, त्यामुळे "काय गं, याला झालंय तरी काय?" हा प्रश्न दर वेळी माझ्याकडेच येतो. म्हणून हा लेख. बाकीच्या ब्रँचवाल्यांनीही वाचावा, यावर परीक्षा नाही.

थोडी थिअरी आधी. डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून साधारण सोळा ते वीस पटींनी लहान केली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेटतं ते एकदम, म्हणून ठोका ऐकू येतो. डिझेलमधल्या ऊर्जेचा फार तर ४० टक्क्यांच्या आसपास भाग कामाला येतो. बाकीची उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. ती बाहेर गेली नाही, तर इंजिन स्वतःलाच भाजून घेतं.

गळती

पहिला प्रश्न, गळतंय काय? इंजिन बंद असताना रात्रभर खाली कोरा पुठ्ठा ठेवा. ऑईलचा डाग काळपट आणि चिकट असतो. डिझेल वासावरून कळतं आणि पटकन पसरतं. कूलंट हिरवा किंवा गुलाबी असतो, वाळला की खपली मागे ठेवतो.

दुसरा प्रश्न, गळतंय कुठून? डाग पडला त्याच्या बरोब्बर वरच गळती असते असं नाही. ऑईल ओघळत खाली येतं, फॅनची हवा त्याला भलतीकडे ढकलते. म्हणून इंजिन पुसून कोरडं करायचं, थोडा वेळ चालवायचं आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. इंजेक्टरच्या पाइपवरून बोट फिरवून गळती शोधू नका. जुन्या पद्धतीच्या इंजिनातही तिथे २०० बारच्या आसपास दाब असतो, कॉमन रेलमध्ये तर १६०० बार आणि त्याहूनही जास्त. केसाएवढी धार थेट कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. गळती शोधायला लांबून पुठ्ठा धरा.

कधी कधी कूलंट कमी होतो आणि जमीन मात्र कोरडी! तेव्हा डिपस्टिक काढून बघा. ऑईल दुधाळ कॉफीसारखं झालंय? इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही? थंड इंजिनचं रेडिएटरचं झाकण काढून मग स्टार्ट केल्यावर आत सतत बुडबुडे येतात? तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा.

ताप

तापलेल्या इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाही. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि ते उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची. कूलंट पुरेसा आहे का? बेल्ट सैल झालाय का? रेडिएटरच्या जाळीत धूळ, पानं, कापूस अडकलाय का? वरचा होज चटका देतोय आणि खालचा गार आहे, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो किंवा रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो. बोअरचं जड पाणी ओतत राहिलं की आत क्षार बसतात.

आणखी एक कारण खास आपल्यासाठी. आवाज होतो म्हणून शेडचं दार लावून घेतलं, तर रेडिएटरची गरम हवा फिरून परत रेडिएटरमध्येच येते. अशा वेळी इंजिन चांगलं असतं, शेडच भट्टी झालेली असते.

आवाज

आपला जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्या फिरतो, कारण ५० हर्ट्झसाठी चार पोलच्या अल्टरनेटरला तेवढाच वेग लागतो. व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. म्हणून टॅपेट सैल झालं तर सेकंदाला साधारण बारा वेळा बारीक टकटक येते. बेल्ट किंचाळतो. एक्झॉस्टचा गॅस्केट गेला तर फुसफुस येते. लोड वाढवला की खोलवरून जड ठोके यायला लागले आणि ऑईल प्रेशर उतरलं, तर बेअरिंग गेलंय असं समजून लगेच बंद करा.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रू-ड्रायव्हर हाच स्टेथोस्कोप. टोक इंजिनच्या बॉडीवर, मूठ कानाजवळ. ओढणी, केस, बाह्या फॅनपासून दूर!

तिन्ही एकत्र

गेल्या सेमिस्टरला आपल्या जनरेटरला रोज लिटरभर पाणी लागत होतं, दुपारी तापमानाचा अलार्म वाजायचा, वर घरघर. बाहेरून आलेल्या फिटरने हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं. म्हणजे मोठा खर्च आणि ऐन पीएलमध्ये काही दिवस अंधार. पण जनरेटरवाले काका आणि आमचे लॅबमधले सर घाईला आले नाहीत. ऑईल स्वच्छ होतं, बुडबुडे नव्हते. थंड इंजिनचा बेल्ट काढून ते जेमतेम अर्धा मिनिट चालवलं, तर घरघर गायब! म्हणजे आवाज बेल्टवर फिरणाऱ्या भागांचा होता. बंद करून वॉटर पंपाची पुली हलवली, तर ती डुगडुगत होती.

पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली हिरवट-पांढरी खपली होती. पाणी गरम बॉडीवरच वाळून जायचं, म्हणून जमीन कोरडी. बेअरिंग झिजलं म्हणून आवाज, शाफ्ट डुगडुगला म्हणून सील गेलं, सील गेलं म्हणून गळती, गळतीमुळे ताप. तक्रारी तीन, दुखणं एक. पंप बदलला आणि परीक्षा उजेडात पार पडली.

काकांच्या वहीत रोजच्या पाण्याची नोंद होती, म्हणून गळती किती आहे हे आकड्यात कळलं. नुसतं पाणी ओतत राहणं म्हणजे ताप उतरवून आजार लपवणं. आता त्या वहीत लोड, तापमान, ऑईल प्रेशर आणि आवाज असे आणखी चार रकाने आखले आहेत. शेडजवळून जाताना काही वेगळं ऐकू आलं, तर काकांना सांगा, ते लिहून घेतात. आणि प्लीज, झोपमोड होते म्हणून शेडचं दार लावू नका!