अठ्ठावीस दिवसांची घाई

५ जून २०२५ला, नेमक्या पर्यावरणदिनी, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. माझ्या डोक्यात दिवसभर एकच हिशेब घोळत होता: यात सिमेंट किती गेलं? सिमेंटचा मुख्य घटक असलेलं एक टन क्लिंकर भाजताना पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून जास्त खुद्द चुनखडीतून सुटतो, त्यामुळे भट्टीचं इंधन बदलून तो थांबत नाही. क्लिंकरच कमी वापरायला हवं, आणि हे आम्हा अभियंत्यांना पंचवीस वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

कोयनेचं धरण रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटचं. ते बांधणारी पिढी सिमेंट जपून वापरायची. पुढची वर्षं परमिट आणि रांगांची. १९८९मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण उठलं आणि सिमेंट जपायची सवयही गेली.

२०००नंतरचं दशक मात्र माझं. सप्टेंबर १९९९मध्ये केंद्रानं औष्णिक केंद्रांतल्या राखेच्या वापराची अधिसूचना काढली होती. काँक्रीटच्या मानकाच्या, आयएस ४५६च्या, २०००च्या आवृत्तीतही थोड्या सिमेंटऐवजी राख वापरायला मुभा होती. घाटघरला देशातलं पहिलं रोलर काँक्रीटचं धरण उभं राहत होतं. कोरडंसं मिश्रण डोझरनं पसरायचं, त्यावर रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. त्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राख जास्त! ते पाहून आलो आणि वाटलं, आता सगळीकडे हेच होणार.

झालं नाही. आमच्या एका पुलाच्या पायासाठी मी राखेचं मिक्स सुचवलं. राखेचं काँक्रीट ताकद सावकाश धरतं. अठ्ठाविसाव्या दिवशीच्या ताकदीच्या चाचणीत काँक्रीटचे क्यूब थोडे कमी भरले. ‘राख म्हणजे भेसळ’, असं वरिष्ठ भर बैठकीत म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी साइटवर ५३ ग्रेडच्या सिमेंटच्या गोण्या उतरल्या. छप्पन्नाव्या दिवशी उरलेले क्यूब फोडले, तर ताकद हवी त्याहून जास्त. त्या निकालाचा कागद कोणी वाचला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आज कार्बनवर परिषदा भरतात, पण मी पाहतो त्या कामांवर मुदत आणखी आवळलेली असते. पुलाच्या पायावर पूर्ण भार यायला वर्ष लागतं. तरी त्याची परीक्षा अठ्ठाविसाव्या दिवशीच घेतात. पायाच्या नकाशावर ‘ताकद ९० दिवसांची’ एवढंच लिहिलं, तरी प्रत्येक घनमीटरमागे कितीतरी क्लिंकर वाचेल.