बेल्टला दोष देण्याआधी

“सहा चाकांची गाडी, आणि तिची सगळी ताकद वाहणार कोण, तर एक रबराचा पट्टा! जळणारच ना तो?”

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की आधी हात पुसतो, मग समजावायला बसतो. आम्ही उत्तर मिनेसोटात राहतो. इथे लाकूडफाटा ओढायला, बर्फ सारायला, कुंपणाचे खांब न्यायला जुनी सहाचाकी घरोघरी उपयोगी पडते. पोलॅरिसची रेंजर सिक्स बाय सिक्स त्यातलीच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही गाडी. मागे डम्प होणारा हौदा, त्याखाली चार चाकं, पुढे दोन. सुरुवातीच्या गाड्यांना ४९९ सीसीचं एकाच सिलिंडरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन. कंपनीचं मूळ गावही याच राज्यात, रोझो. वीस-पंचवीस वर्षांच्या या गाड्या आजही राबतात, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच टिकाऊ आहेत.

परवा एका मराठी मित्राने त्याची रेंजर माझ्याकडे आणली. वर्षभरातला तिसरा बेल्ट. पहिले दोन बदलणाऱ्या दुकानाने पैसे घेतले, बेल्ट टाकला, गाडी परत दिली. गाडी चालवतो कशी, हे कुणी विचारलं नाही. मी झाकण उघडलं तर आत काळी भुकटी आणि जळक्या रबराचा वास. बेल्ट बोटांमध्ये धरून हळूहळू फिरवला. बाकी सगळीकडे रुंदी सारखी, पण एका जागी दोन-तीन बोटं लांबीत दोन्ही कडा आत खचलेल्या, डमरूच्या कमरेसारख्या. मी म्हटलं, “ओंडका जागचा हलत नव्हता, तेव्हा तू हाय गिअरमध्ये एक्सलेटर दाबून धरला होतास.” तो म्हणाला, “तुला कसं कळलं?”

ती खाच सांगते. बेल्ट जागच्या जागी थांबलेला असतो, इंजिनाकडची पुली त्याच्यावरून गरगर फिरत राहते, आणि जिथे घासते तिथलं रबर खरवडून निघतं. गाडी चालू असताना बेल्ट घसरला असता तर तो सगळीकडून सारखा झिजला असता.

आता मूळ गैरसमजाकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांना बेल्टची ओळख गिअरलेस स्कूटरमुळे आहे. पुण्यात आमच्या दारात कायनेटिक होंडा होती, नंतर घरोघरी ॲक्टिव्हा आल्या. त्यांचे बेल्ट हजारो किलोमीटर चालतात. त्यामुळे माणूस म्हणतो, स्कूटरचा टिकतो, मग याचा का नाही? म्हणजे मालच खराब. पण या दोन रचनांमध्ये एक मोठा फरक आहे. स्कूटरमध्ये मागच्या पुलीजवळ वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. गाडी उभी असताना इंजिन चालू असलं, तरी दोन्ही पुल्या बेल्टसकट फिरत असतात, आणि जागेवरून निघतानाचं घासणं क्लचचे शूज सोसतात. रेंजरमध्ये असा वेगळा क्लच नाही. इंजिनाकडची, म्हणजे पुढची पुली हाच क्लच. इंजिन आयडलवर असताना तिच्या दोन तबकड्या एकमेकींपासून दूर असतात आणि बेल्ट मध्ये सैल पडून राहतो. फेरे वाढले की आतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट दाबून धरतात. म्हणजे निघतानाचं सगळं घासणं बेल्टच्याच अंगावर. थोडं घासणं रचनेतच धरलेलं आहे. ते किती वेळ चालावं, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं.

म्हणून लो गिअर. “लो फक्त चढासाठी असतो” हा यातला सर्वांत महागडा समज. मालकाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं: ताशी सुमारे ७ मैलांपेक्षा, म्हणजे ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने काम असेल, ओझं असेल, ट्रेलर ओढायचा असेल, गाडी ट्रकवर चढवायची असेल, तर लो वापरा. कारण साधं आहे. हाय गिअरमध्ये पायी चालण्याच्या वेगाने ओझं ओढताना इंजिनाचे फेरे कमी राहतात, म्हणून तबकड्यांची पकड कच्ची. आणि नेमकं त्याच वेळी बेल्टवर सर्वांत जास्त ओढ येते. लो टाकला की त्याच वेगाला फेरे वाढतात, पकड घट्ट होते आणि बेल्टवरची ओढही कमी होते. सपाट जमिनीवर लाकडं भरून चाललात तरी लोच. शिवाय एक्सलेटर घाबरत घाबरत, मिलिमीटरने दाबू नका. ‘हळू दाबलं की बेल्ट वाचतो’ ही समजूत उलटी आहे. ठामपणे दाबा म्हणजे पुली पटकन पकडेल.

मित्राचे बाकीचे दोन बेल्ट एवढ्यानेच गेले असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या इंजिनाचं एक माउंटिंग फाटलेलं निघालं. जोर लागला की इंजिन तिरकं होई, दोन्ही पुल्या एका रेषेत राहत नसत आणि बेल्टची एक बाजू खाल्ली जाई. जुन्या गाडीत नवा बेल्ट टाकण्याआधी हे बघायलाच हवं: माउंटिंग, पुढच्या पुलीतली बुश आणि रोलर, थकलेली स्प्रिंग, प्रमाणाबाहेर वाढवलेलं आयडल. आणि बेल्ट तुटला असेल तर त्याचे सगळे दोरे वेचून काढा. ते पुलीच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळतात आणि ऑइल सील कापतात. मी चिमट्याने वीतभर दोरा ओढून काढला, तेव्हा मित्र गप्प झाला.

बेल्ट घसरतो म्हणून त्यावर चिकट स्प्रे मारणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मारू नका. पुलीचा पत्रा आणि बेल्ट दोन्ही कोरडे आणि स्वच्छ हवेत. ग्रीसचा हात लावून बेल्ट चढवला तरी घसरतो. ओढ्यातून गेल्यावर पाणी शिरलं असेल तर झाकणाचा ड्रेन प्लग उघडा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडे थोडे फेरे वाढवा, बेल्ट सुकतो. आणि हवेच्या नळीला चीर पडलीय का तेही बघा, नाहीतर पुढच्या ओढ्यात पुन्हा तेच.

आता बाकीचे समज. ‘सहाही चाकं जोडण्याचं बटण दाबूनही पुढची चाकं ओढत नाहीत, म्हणजे हब गेला.’ बहुतेकदा गेलेला नसतो. मागची चार चाकं कायम ओढतात. पुढची दोन, मागची घसरू लागली तरच जोडली जातात. कोरड्या डांबरावर तपासून काय कळणार? सैल वाळूत तपासा.

‘तेल ते तेल, सगळीकडे एकच चालतं.’ नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची जोडणी, तिघांची तेलं वेगळी. जुन्या हबमध्ये घट्ट ग्रीस भरलं तर आतले रोलर वेळेवर पकडत नाहीत.

‘जास्त हवा भरली की टायर टिकतो.’ हे टायर कमी हवेसाठीच बनवलेले आहेत, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या चारही चाकांत सारखी हवा हवी. एक चाक फुगलेलं आणि एक बसकं असेल तर दोघांचा घेर वेगळा होतो आणि ती एकमेकांशी झगडत राहतात.

‘प्रेशर वॉशरने धुतली की गाडी टिकते.’ बेअरिंगच्या सीलवर तो फवारा मारला की पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. चिखल बादलीने आणि ब्रशने काढा.

‘दरवर्षी कार्ब्युरेटर खोलावाच लागतो.’ पेट्रोल महिनोन्‌महिने साचू दिलंत तर लागतो. मिनेसोटात १९९७ पासून राज्यभर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, पण अशा यंत्रांसाठी इथेनॉल नसलेलं प्रीमियम पेट्रोल पंपावर मिळतं. गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल तर ते भरा, आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून त्यातलं पेट्रोल काढून टाका. पाच मिनिटांचं काम.

मित्राच्या गाडीला नवं माउंटिंग लावलं, पुल्या पुसल्या, चौथा बेल्ट चढवला. लिव्हरशेजारी पांढऱ्या रंगाने मोठ्ठा ‘लो’ लिहिला, देवनागरीत. त्याचा मुलगा चालवायला बसला की आधी तो वाचतो आणि मग लिव्हर ओढतो. पहिले काही दिवस जड ओझं नाही, असं मी दोघांनाही बजावून ठेवलंय. नवा बेल्ट पुलीत बसायला तेवढा वेळ लागतो.