हृदयातील मर्मर : भय नको, हयगयही नको

शाळेतील तपासणीत मुलाच्या छातीला नळी लावून डॉक्टर म्हणतात, "हृदयात मर्मर ऐकू येतो", आणि घरातील सर्वांच्या तोंडचे पाणी पळते. कोणी मुलाचे खेळणे-बागडणे बंद करतात. मुलगी असल्यास लग्न जमणार नाही या धास्तीने कोणी ती गोष्ट लपवून ठेवतात. दोन्ही मार्ग चुकीचे होत. मर्मर हा रोग नव्हे. तो केवळ एक ध्वनी आहे. त्याचे कारण शोधणे एवढेच आपले कर्तव्य.

हृदयाला चार कप्पे व चार झडपा असतात. झडपा मिटताना 'लब्-डब्' असे दोन ध्वनी उमटतात. परंतु रक्ताचा प्रवाह जोराचा झाला, झडपेची वाट अरुंद झाली, किंवा झडप नीट न मिटल्याने रक्त मागे फिरले, म्हणजे प्रवाहात भोवरे उठतात आणि फुंकर घातल्यासारखा आवाज होतो. १८१६ साली पॅरिस येथे लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून एका स्त्रीच्या हृदयाचे ठोके ऐकले. आजच्या नळीचा उगम तेथेच झाला.

पुष्कळ निरोगी मुलांत असा मर्मर आढळतो व तो निरुपद्रवी असतो. ताप, रक्तक्षय व गर्भारपण यांतही तो ऐकू येतो. मात्र जन्मतः हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे, उतारवयात झडप कठीण होणे, आणि सांधेतापाने झडप बिघडणे ही कारणे गंभीर आहेत.

पैकी सांधेताप टाळता येण्याजोगा आहे. विशिष्ट जंतूंमुळे घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतो. म्हणून मुलांच्या घसादुखीची उपेक्षा करू नये. हा ताप येऊन गेलेल्यांस दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे द्यावे लागते. ते मध्येच सोडणे घातक ठरते.

गर्भारपणी शरीरातील रक्त सुमारे दीडपट होते. अरुंद झडपेला तो भार पेलत नाही आणि धाप लागते. लग्नाआधी लपविलेला दोष अशा वेळी सुनेच्या जिवावर बेततो. वेळीच कळल्यास फुग्याच्या साहाय्याने झडप रुंद करता येते, किंवा शस्त्रक्रिया करता येते.

निदानासाठी ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेतात. १९५३ साली स्वीडनमध्ये एड्लर व हर्ट्झ यांनी तिचा पाया घातला. नेहमीच्या या तपासणीत ना चिरफाड, ना क्ष-किरण. धाप, मूर्च्छा, छातीत दुखणे, पायांवर सूज, ओठ निळे पडणे, अथवा अर्भकाने दूध पिताना दमणे ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही दवडू नये.

व्यापारी बंधूंनो, रोजकीर्दीत एक रक्कम जुळली नाही म्हणून आपण पेढीला कुलूप लावीत नाही. ते पान झाकूनही ठेवीत नाही. मूळ नोंद शोधून काढतो. घरच्या माणसाच्या हृदयाविषयीही हाच शिरस्ता असावा.