सीडी कपाटात, गाणं घरभर

एक सोपा प्रश्न. तुमच्या घरात सीडी वाजेल अशी किती यंत्रं आहेत? लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, नव्या गाडीला स्लॉट नाही, डीव्हीडी प्लेअर भंगारवाल्याने कधीच नेला. सीडी मात्र आहेत. पलंगाखाली, माळ्यावर, त्या काळ्या चेनवाल्या पाउचमध्ये. आणि हॉलमध्ये दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला झक्कास वायफाय स्पीकर, ज्याला सीडी म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

आमच्याकडे हा लोच्या जरा मोठा झाला. बाबांनी नाशिकचं घर आवरताना त्यांच्या 180 सीडी माझ्या पुण्यातल्या वन-बीएचकेत पाठवून दिल्या. नाट्यगीतं, भीमसेन, किशोरीताई, आरडी, शिवाय मधेच माझं कॉलेजच्या दिवसांतलं इंडिपॉप. बायकोचा सवाल रोखठोक होता, "ऐकणारेस की नुसत्या ठेवणारेस?"

'अॅपवर मिळतं की सगळं' असं म्हणणारे मित्र असतातच. मिळतं, बरंच मिळतं. पण भाड्याने. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकशी असलेला करार संपला आणि त्यांची गाणी भारतात स्पॉटिफायवरून गेली. कपाटातली सीडी कुणाच्या कराराने जात नाही. बरं, गेली तर पुन्हा आणायची कुठून? काळा घोड्याचं रिदम हाऊससुद्धा 2016 साली बंद झालं.

तर मग सीडी आणि वायरलेस स्पीकर यांचं लग्न लावायचं कसं?

पहिलं सुचतं ते ब्लूटूथ. सीडीवर दर सेकंदाला 1411 किलोबिट माहिती असते. ब्लूटूथच्या साध्या एसबीसी पद्धतीत त्यातली जेमतेम 328 पुढे जाते, बाकीची वाटेत गाळली जाते. खरं सांगू? कांदा परतताना हा फरक कुणालाच कळत नाही. वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन खोल्या ओलांडल्या की आवाज तुटतो आणि फोनवरून वाजवत असाल, तर ऐन तानेच्या मध्यावर बँकेचा लोनवाला फोन करतो.

दुसरा मार्ग म्हणजे लाइन-इन असलेला वायफाय स्पीकर, उदाहरणार्थ सोनोसचा फाइव्ह. जुना सीडी प्लेअर वायरने त्याला जोडायचा, मग तो स्पीकर तेच गाणं बेडरूममधल्या आपल्या भावंडांनाही पोचवतो. केस उघडून, तबल्यावर कोण आहे ते वाचून, मग प्ले दाबणाऱ्यांसाठी हे बेस्ट. फक्त सीडी संपली की उठावं लागतं.

मी तिसरा मार्ग धरला. प्रत्येक सीडी एकदाच, पण नीट उतरवून घ्यायची. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणावा लागतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी ही सॉफ्टवेअर्स फुकट आहेत आणि तुमची कॉपी जगभरातल्या इतरांच्या कॉपीशी ताडूनही पाहतात. फाइल फ्लॅक प्रकारात ठेवायची. जागा साधारण निम्मी लागते आणि आवाजातलं काहीही गळत नाही. एका सीडीला 300 ते 400 एमबी धरा. बाबांचा अख्खा खजिना 128 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावला! आमच्या राउटरला यूएसबीचं भोक आहे, तिथे तो लावला आणि स्पीकरच्या अॅपला फोल्डर दाखवला. आता स्पीकर स्वतःच फाइल उचलतो. फोन नुसता रिमोट, त्यामुळे लोनवाल्याचा फोन आला तरी तान पुरी होते.

(स्टेशनबाहेरच्या '150 गाणी' छाप एमपी3 सीडींना फ्लॅक करत बसू नका. नुसत्या कॉपी करा. त्यातलं जे आधीच गेलंय, ते परत येत नाही.)

खरी मेहनत नावांची. इंग्रजी अल्बम घातला की नावं आपोआप भरली जातात. नाट्यगीतांना मात्र 'ट्रॅक 01, ट्रॅक 02'. कुठे लता, कुठे लता मंगेशकर, कुठे लताजी, म्हणजे अॅपच्या लेखी तीन वेगळ्या गायिका. मी रोज रात्री जेवणानंतर बाबांना फोन लावून पाच-पाच सीडी देवनागरीत टाइप केल्या. पुस्तिकेत नसलेली साथीदारांची नावंही त्यांना पाठ. आमचं एरवीचं बोलणं 'जेवलास का' आणि 'गाडी सावकाश चालव' यात आटपतं. हे फोन तासतासभर चालले.

एक मात्र आधी करा. मार्करने हाताने लिहिलेल्या सीडी वेगळ्या काढा आणि पहिला नंबर त्यांना द्या. कंपनीच्या सीडीवर खळगे ठोकलेले असतात. घरी बर्न केलेल्या सीडीवर असतो रंगाचा थर, आणि तो उन्हाने, उष्णतेने उतरत जातो. आमच्या पाउचमध्ये बाबांच्या अक्षरातली अशी एक होती, 'मंगळागौर 2004'. ताईच्या मंगळागौरीत आजी गायली होती, ते व्हिडिओवाल्याने सीडीवर टाकून दिलेलं. आजी 2011 मध्ये गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, अगदी लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा.

सहा मिनिटांत संपणारं काम, ड्राइव्ह चाळीस मिनिटं घरघरत राहिला. अकरापैकी आठ ट्रॅक आले. मी ते नाशिकला पाठवले. बाबांनी लावले तेव्हा मी फोनवरच होतो. आतून आईचा आवाज आला, "अहो, मोठा करा ना जरा."

उरलेले तीन अजून सीडीतच आहेत. एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी कधीकधी दुसऱ्याला वाचता येते. ऑफिसातल्या एकाकडे त्याच्या जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह आहे. शनिवारी त्याच्याकडे जातोय.