चमचाभर साखरेचा हिशेब

ऐका रे पोरांनो. आपला नगर जिल्हा साखरेचा. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना साथीला घेऊन लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना काढला, 1950 साली तिथं गाळप सुरू झालं. तेव्हापासून आपल्याला साखर पोत्यांनी मोजायची सवय. आजची साखर मात्र चमच्यानं मोजायची आहे.

करा हिशेब. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साधारण 90 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. अंगात रक्त पाचएक लिटर. म्हणजे झाले किती? साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा! आणि एकटा मेंदूच दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज खातो. तरी चमचा रिता होत नाही, कारण रात्री आपण घोरत असताना यकृत आपल्या साठ्यातली साखर बेताबेतानं रक्तात सोडत असतं.

जेवलं की उलटा कारभार. स्वादुपिंडातून इन्शुलिन निघतं. ते यकृताला म्हणतं, पुरे आता. मग स्नायूंकडे वळतं. स्नायूच्या पेशीची साखर आत घेणारी बहुतेक दारं भिंतीत बसवलेली नसतातच! ती पेशीच्या आत, बारीक बारीक पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्शुलिनचा निरोप आला की पिशव्या सरकत भिंतीला येऊन मिळतात, दारं उघड्यावर येतात, साखर आत. काम झालं की दारं पुन्हा पोटात. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत हे दिवसभर चालू असतं, आणि आपण मात्र ताटावरून उठून ढेकर देतो.

माझ्यासारख्या मधुमेह्याच्या पेशी हा निरोप नीट ऐकत नाहीत. कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग आणि आत गव्हाण रिकामी, तशी गत. त्यात यकृतालाही 'पुरे' ऐकू जात नाही, ते साखर सोडतच राहतं. रात्री काही खाल्लं नाही तरी सकाळी साखर वाढलेली कशी, असं तुमची आजी विचारते ना? ती अशी.

पण स्नायूला आणखी एक वाट ठाऊक आहे. तो राबायला लागला की इन्शुलिनच्या निरोपावाचूनही दारं वर येतात. पाथर्डीकडचा ऊसतोड्या कोयता चालवतो, तेव्हा त्याच्या दंडात हेच चाललेलं असतं. जेवणानंतर मी मळ्यापर्यंत चालून येतो ते त्यासाठी. गोळ्या मात्र सोडलेल्या नाहीत हं!

मग बारीक माणसाला साखर का होते? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली तान्ही बाळं तपासली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडातल्या साऊदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखलेली. म्हणजे साखर रिचवणारे स्नायू जन्मापासूनच बेताचे. तेव्हा 'मी काटकुळा, मला कसली साखर' म्हणणाऱ्या तुमच्या मामाला सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला पाठवतोय.